तारा तुटल्यावर : भारतातील हौशी रेडिओचा इतिहास

१९२१ साली कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी बिनतारी संदेशांचे खासगी केंद्र सुरू केले. '२ जेके' ही त्या केंद्राची खूण. भारतातले पहिले हौशी रेडिओचालक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. त्यांच्या मागोमाग आलेले मुकुल बोस, खूण '२ एचक्यू', हे दुसरे. एकाने पाठवायचे, दुसऱ्याने ऐकून उलट उत्तर द्यायचे, असा दुतर्फी संवाद या देशात बोस यांच्यापासून सुरू झाला. दोन वर्षांनी, म्हणजे १९२३ पर्यंत, हिंदुस्थानात राहणाऱ्या ब्रिटिशांपैकी वीस जण असे चालक होते. बाकी सगळ्या देशाला बिनतारी म्हणजे जहाजांवरचे आणि लष्करातले काहीतरी, एवढेच ऐकून ठाऊक होते.

हौशी रेडिओ म्हणजे आकाशवाणीसारखे प्रसारण नव्हे. यात श्रोते नसतात, दोन्ही बाजूंना बोलणारेच असतात. पैसा घ्यायचा नाही, जाहिरात करायची नाही, गाणी लावायची नाहीत. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे आपल्या केंद्राची खूण, मिळवायची, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर आपला संच चालवायचा आणि जगाच्या पाठीवर जो कोणी उत्तर देईल त्याच्याशी बोलायचे. या लोकांना जगभर 'हॅम' म्हणतात. तारयंत्रावर ज्याचा हात कच्चा त्याला अमेरिकेतले तारवाले चिडवून हॅम म्हणत. हौशी मंडळींनी तीच शिवी बिरुदासारखी मिरवली.

या छंदाला मिळालेली जागाही अशीच टाकाऊ म्हणून मिळालेली होती. १९१२ साली टायटॅनिक बुडाले. त्यानंतर अमेरिकेने रेडिओचा कायदा केला आणि हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकलले. लांबचा पल्ला गाठायचा तर लहर लांबच हवी, असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा समज होता. आखूड लहरी कोणाच्याच कामाच्या नाहीत, तर त्या पोरांना खेळायला द्या, असा तो हिशेब. डिसेंबर १९२१ मध्ये याच पोरांचे संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. आखूड लहर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीकडे वळते आणि थोड्याशा शक्तीत हजारो किलोमीटर जाते, हे त्यानंतर जगाला पटले. पुढची कित्येक दशके देशादेशांचे परराष्ट्र प्रसारण, लष्करी संदेश आणि जहाजांची बोलणी ज्या लघुलहरींवर चालली, त्यांची उपयुक्तता अशी हौशी लोकांनी दाखवून दिलेली आहे.

मुंबईतही ही हवा लवकर पोहोचली. ऑगस्ट १९२१ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा खास कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि लॉइडसाहेबांनी तो पुण्यात बसून ऐकला. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने आणि नोव्हेंबरमध्ये कोलकात्याच्या क्लबने प्रक्षेपण सुरू केले. १९२४ मध्ये मद्रास प्रांताचा क्लब उभा राहिला. प्रक्षेपण आणि हौशी संदेश यांच्यातली सीमा तेव्हा पुसट होती. ज्याला संच जोडता येतो तो दोन्ही करून पाही. १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढे प्रक्षेपण सरकारकडे गेले. हौशी मंडळी आपल्या वेगळ्या वाटेने निघाली. अपोलो बंदरावरच्या रेडिओ क्लबात आज लग्नाचे स्वागत समारंभ होतात. १९२८ साली बाँबे प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब म्हणून सुरू झालेल्या या संस्थेच्या नावात 'रेडिओ' का आहे, हे तिथे जेवून आलेल्या बहुतेकांना ठाऊक नसते.

१९२९ पासून भारतातल्या कॉलसाइन 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होऊ लागल्या. आजही लघुलहरींवर कुठे 'व्हिक्टर युनिफॉर्म' ऐकू आले की ऐकणारा समजतो, हा भारत. परवानेधारक मात्र हाताच्या बोटांवर होते. तिशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांची संख्या पन्नासही नव्हती. १९३३ मध्ये भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा आला. परवान्याशिवाय संदेश पाठवणे तर गुन्हा होतेच. या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. परक्या सरकारला आपल्या प्रजेच्या हाती असलेल्या प्रेषकाची भीती वाटावी, यात नवल नव्हते. ही भीती स्वराज्यानंतरही कायद्यात तशीच राहिली, ही गोष्ट मात्र या इतिहासात पुन्हा पुन्हा आडवी येते.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच नवे परवाने बंद झाले. आपापले प्रेषक संच पोलिसांकडे जमा करा, असे लेखी हुकूम सर्व हौशी चालकांना गेले. संच लष्कराच्या कामी येतील हे एक कारण. शत्रूचे हेर त्यांचा वापर करतील ही दुसरी धास्ती. सरकारला ज्याचा खरा धाक असायला हवा होता तो प्रसंग तीन वर्षांनी आला, आणि तो मुंबईत घडला.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची घोषणा झाली. नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त रेडिओ चालवायचे ठरवले. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी ही त्यातली प्रमुख नावे. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांच्याकडून सामग्री मिळाली. संच उभा करायला मात्र नुसती देशभक्ती पुरत नाही. त्याला हात लागतो तो हौशी रेडिओवाल्याचा. नरिमन प्रिंटर आणि बॉब तन्ना या मुंबईच्या हौशी चालकांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून' अशी ओळख सांगत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. हा आकडा फ्रिक्वेन्सीत मांडला तर सुमारे ७ मेगाहर्ट्झ होतो. जगभरचे हौशी लोक ज्याला चाळीस मीटरचा बँड म्हणतात, त्याचाच हा शेजार.

चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरवर झालेले अत्याचार, या बातम्या छापायला वर्तमानपत्रे धजत नव्हती तेव्हा त्या या केंद्राने दिल्या. राममनोहर लोहियांचा या कामात मोठा वाटा होता. प्रेषक कुठे आहे हे दिशादर्शक अँटेनाच्या गाड्या फिरवून शोधता येते, हे चालवणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून चौपाटीपासून गिरगाव, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी असे संचाचे बिऱ्हाड सतत हलत राहिले. तरी १२ नोव्हेंबरला प्रक्षेपण चालू असतानाच पोलीस दारात आले. संच जोडून देणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच त्यांना माग लागला होता. बाबूभाईंना पाच वर्षांची आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, आणि उषाबेननी ती येरवड्याला भोगली. हे केंद्र तीन महिनेही चालले नाही. पण एका खोलीत मावणारा संच आणि एका माणसाची जाण असली तर सरकारने बंद केलेले सगळे मार्ग ओलांडून आवाज देशभर जातो, हे त्याने सिद्ध केले. पुढे चक्रीवादळांनी आणि भूकंपांनी हेच सिद्ध केले. फरक इतकाच की तेव्हा मार्ग सरकारने नव्हे, निसर्गाने बंद केलेले होते.

स्वातंत्र्यानंतर हौशी चालकांचे पहिले संघटित केंद्र मध्य भारतातल्या महू या छावणीच्या गावी उभे राहिले. १५ मे १९४८ ला तिथे क्लब सुरू झाला. महूला लष्कराच्या सिग्नल्स दलाची शाळा असल्यामुळे मोर्सवर हात बसलेली आणि संच उघडून दुरुस्त करू शकणारी माणसे तिथे होती. हीच संघटना पुढे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया म्हणून ओळखली गेली. १९५४ मध्ये तिचे मुख्यालय दिल्लीला गेले.

त्यानंतरची तीस वर्षे हा छंद तुटपुंज्या सामानावर जगला. परदेशी संचावरचा आयातकर सामान्य नोकरदाराला परवडणारा नव्हता. मग महायुद्धानंतर लष्कराने भंगारात काढलेले ग्राहक संच, त्यातले व्हॉल्व, कॉइल, मोठाले कपॅसिटर हेच भांडवल. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, अशा ठिकाणी रविवारी तासन्तास उभे राहून '८०७' हा व्हॉल्व शोधायचा, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचा, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला भोके पाडून चासी करायची. घरी घडवलेल्या अशा संचाला हॅम मंडळी 'होमब्रू' म्हणतात. याला गरिबीतली तडजोड म्हणणे चूक ठरेल. ज्याने संच स्वतः जोडलेला आहे त्याला तो पुराच्या चिखलात बंद पडला तर कुठे हात घालायचा हे कळते. विकत घेतलेल्या पेटीने ही अक्कल येत नाही.

या परंपरेचे सगळ्यात लखलखीत फळ थोडे उशिरा आले. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या अशर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाच्या संचाचा आराखडा तयार केला आणि सर्वांसाठी खुला केला. कुठल्याही गल्लीतल्या दुकानात मिळतील असे ट्रान्झिस्टर, आणि महागडी परदेशी कॉइल-कडी मिळत नसेल तर नळाचा वॉशर. त्यावर तार गुंडाळली की काम होते. भारतात टंचाईतून आलेली ही युक्ती पुढे युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनीही उचलली.

१९७८ मध्ये हौशी सेवेचे नियम नव्याने झाले. त्यात परवान्याचे पाच वर्ग होते आणि त्यातला एक नुसते ऐकणाऱ्यांसाठी होता. आज ज्या काळात खिशातल्या फोनवर जग ऐकू येते त्या काळात 'ऐकण्याचा परवाना' ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. पण घरातल्या साध्या रेडिओलाही ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत परवाना लागत असे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, हे त्या पिढीला आठवते. राजीव गांधी स्वतः हौशी चालक होते. त्यांची कॉलसाइन 'व्हीयू२आरजी'. ते पंतप्रधान झाले तेव्हा बिनतारी सामग्रीवरचा आयातकर माफ झाला आणि जपानी संच भारतीय घरांत दिसू लागले. १९८३ मध्ये हैदराबादेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था सुरू झाली होती. प्रशिक्षण आणि आपत्तीतले संपर्ककार्य ही दोन्ही कामे तिने जोडीने उचलली.

आपत्तीत हॅमचा उपयोग नेमका कशामुळे होतो, हे तांत्रिक बाजूने पाहिले तर जास्त स्पष्ट होते. मोबाइलचा फोन हा स्वतंत्र रेडिओ नाही. तो जवळच्या टॉवरशी बोलतो, टॉवर फायबरने किंवा डिशने केंद्राशी, केंद्र पुढच्या केंद्राशी. टॉवरची वीज गेली की बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग डिझेल लागते, आणि रस्ताच बुडालेला असेल तर डिझेल पोहोचत नाही. फायबर रस्त्याकडेने किंवा पुलाला बांधून नेलेली असते. पूल गेला की तीही जाते. शिवाय त्या क्षणी प्रत्येक जण एकदम फोन लावतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हा अनुभव मुंबईकरांनी घेतला. देशातले सगळ्यात दाट जाळे असलेल्या शहरात हातात फोन होते आणि घरच्यांशी बोलता येत नव्हते.

हॅमच्या संचाला मधले काहीच लागत नाही. मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी, चपलेच्या खोक्याएवढा १०० वॉटचा संच आणि तांब्याची तार. ७ मेगाहर्ट्झसाठी ही तार सुमारे २० मीटर लागते. मधोमध तोडून तिथून केबल खाली आणायची आणि दोन टोके दोन माडांना किंवा उभ्या राहिलेल्या दोन भिंतींना बांधायची. यात एक खुबी आहे. दूरदेशी बोलायचे तर अँटेना जितकी उंच तितकी बरी. पण जिल्ह्यातून राजधानीशी बोलायचे असेल तर ती मुद्दाम खाली, दोन-तीन पुरुष उंचीवरच बांधतात. लहर सरळ वर जाते आणि छत्रीसारखी आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरवर उतरते. मध्ये सह्याद्री असला तरी ती अडत नाही. गावातल्या गावात बोलायला मात्र हातातला छोटा व्हीएचएफ संच पुरतो. समोरासमोर दिसावे लागते एवढीच त्याची मर्यादा, आणि डोंगरमाथ्यावर ऐकलेले पुन्हा पाठवणारा रिपीटर बसवला की तीही बरीच सरते.

तार बांधणे सोपे आहे. अवघड असते ते बोलणे. एकाच फ्रिक्वेन्सीवर तीस केंद्रे असतात आणि एका वेळी एकानेच बोलायचे असते. म्हणून एक केंद्र नियंत्रण करते. त्याने हाक मारल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. निरोप आधी कागदावर लिहितात. क्रमांक, तातडीचा दर्जा, कोणाकडून, कोणाला, वेळ आणि मजकूर. नावे एकेक अक्षर उच्चारून सांगतात, औषधांची मात्रा दोनदा वाचतात, आणि पलीकडच्याने उलट वाचून दाखवल्याशिवाय निरोप पोहोचला असे मानत नाहीत. ही शिस्त आणीबाणीच्या दिवशी शिकता येत नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी चाळीस मीटरवर जमणारी चालकांची 'नेट' तिची तालीम देते. हवापाणी, अँटेना, गुडघेदुखी, नातवंडे हे तिथले विषय. बाहेरच्याला हा रिकामटेकडेपणा वाटतो. पण कोणाचा आवाज कुठून, किती वाजता, किती स्वच्छ येतो याचे बिनचूक ज्ञान याच गप्पांतून साठत जाते. हिमालयन कार रॅलीसारख्या स्पर्धांत घाटांवर संच लावून बसणे हीसुद्धा अशीच तालीम होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे नुकती झोपी गेली असताना, किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. त्या मदतकार्यात हौशी चालकांची केंद्रे होती. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. राजधानी भुवनेश्वरचाच जगाशी संबंध तुटला. हैदराबादच्या संस्थेचे आणि इतर ठिकाणचे चालक संच घेऊन पोहोचले. धान्य कुठे पोहोचले, कुठे नाही, कुठे कॉलरा दिसतो आहे, होड्या कुठे हव्यात, असले निरोप अशा ठिकाणी सगळ्यात मोलाचे असतात. पंधरा महिन्यांनी, २६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊला कच्छची जमीन हादरली. भूजचे दूरध्वनी बंद पडले. गुजरातचे आणि बाहेरचे चालक तिथे गेले. मुंबईत मुलुंड, माटुंगा, मशीद बंदर भागात कच्छी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. गावाकडचे माणूस जिवंत आहे का, या एका प्रश्नाने ती सगळी वस्ती त्या दिवसांत जागी होती. 'अमुक कुटुंब सुखरूप, शाळेच्या मैदानात आहे' हा सहा शब्दांचा निरोप सरकारी संदेशांच्या रांगेत कधीच पुढे येत नाही. तो नेण्यासाठी हौशी माणूसच लागतो.

या सगळ्यांत त्सुनामीचा प्रसंग वेगळा, कारण तिथे चालक आपत्तीच्या आधीच हजर होते. अंदमान-निकोबारवरून हौशी केंद्र चालवायला खास परवानगी लागते आणि ती दीड दशकाहून अधिक काळ कोणाला मिळाली नव्हती. जगभरच्या हॅमना प्रत्येक प्रदेशाशी एकदा तरी बोलून तिथले क्यूएसएल कार्ड, म्हणजे बोलणे झाल्याची पावती, मिळवायचे असते. म्हणून अंदमान हे त्यांच्या यादीतले दुर्मीळ नाव बनले होते. हैदराबादच्या संस्थेच्या भारती प्रसाद यांनी ती परवानगी मिळवली आणि डिसेंबर २००४ च्या आरंभी पोर्ट ब्लेअरच्या एका हॉटेलात त्यांच्या चमूने केंद्र लावले. 'व्हीयू४आरबीआय' ही खूण ऐकताच जगभरातून हाकांचा पाऊस पडला. तीन आठवड्यांत सुमारे ३५ हजार संपर्क झाले.

२६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमाराला, भारतीबाई रेडिओवरच असताना, इमारत हलू लागली. धरणीकंप होतो आहे एवढे रेडिओवर सांगून त्या बाहेर पडल्या. थोड्या वेळाने परत आल्या तेव्हा बेटांचे दूरध्वनी बंद झालेले होते. ज्या फ्रिक्वेन्सीवर काल हजारो लोक कार्डासाठी हाका मारत होते, ती त्यांच्या एका शब्दावर शांत झाली. मुख्य भूमीवरच्या चालकांनी कागद-पेन्सिल घेतली आणि बेटांवरचे पर्यटक, नोकरदार, सैनिक यांच्या घरी निरोप जाऊ लागले. कार निकोबारवर हवाई दलाच्या तळाचीच वाताहत झाली होती. चमूतली माणसे संच घेऊन तिथे पोहोचली आणि त्या बेटाचा पोर्ट ब्लेअरशी दुवा जोडला गेला. बेटे जगापासून तुटली असताना हे सामान तिथे योगायोगाने होते. पण ते चालवणारे हात वीस वर्षांच्या सरावाने तयार झालेले होते.

पुढच्याच वर्षी भारताने हौशी लोकांसाठी उपग्रह सोडला. ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ बरोबर ४२.५ किलोचा 'हॅमसॅट' वर नेला. त्यातला एक ट्रान्सपाँडर, म्हणजे आलेला संदेश परत जमिनीकडे पाठवणारा संच, भारतात घडवलेला होता आणि दुसरा एका डच हौशी चालकाने. हातातला संच आणि आकाशाकडे रोखलेली छोटी अँटेना एवढ्यावर त्यातून दक्षिण आशियाभर बोलता येई. बॅटरीने साथ सोडेपर्यंत, म्हणजे जुलै २०१४ पर्यंत, तो चालला. २२ जून २०१६ ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' कक्षेत गेला. त्याचे कामही हौशी बँडवरून निरोप देण्याघेण्याचेच होते.

दरम्यान कामाची जागा विस्तारत गेली. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूच्या मोजक्या हॅमचे आवाज भारतातल्या चालकांनी टिपले, २०१८ च्या केरळच्या पुरात स्थानिक चालकांनी अडकलेल्यांची ठिकाणे कळवली. बंगालमध्ये गंगासागरच्या जत्रेत हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांचा पत्ता त्यांच्या बोलीवरून आणि तुटक आठवणींवरून शोधून काढणारा वेस्ट बेंगाल रेडिओ क्लब हे याच सेवेचे शांत काळातले रूप आहे. मराठवाड्यातून किंवा बिहारातून आलेली आजी आपल्या गावाचे नाव सांगू शकत नाही, तेव्हा देशभर पसरलेल्या चालकांच्या जाळ्यातला कोणीतरी ती बोली ओळखतो.

हौशी संचाच्या शेजारची एक वस्तू म्हणजे स्कॅनर. हा नुसता ऐकणारा संच. तो एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जातो आणि जिथे कोणी बोलते तिथे थांबतो. अमेरिकेत पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिकांची बोलणी घरबसल्या स्कॅनरवर ऐकण्याची जुनी रीत आहे. वणवा कुठवर आला हे तिथल्या खेड्यांतले लोक असे ऐकून ठरवत आले. भारतात ती रीत कधीच रुजली नाही, कारण कायद्याने वाट ठेवली नाही. पोलिसांची किंवा अन्य सेवांची बोलणी परवान्याशिवाय ऐकणे इथे गुन्हा आहे. सुरक्षेच्या दृष्टीने त्यातला काही भाग समजण्यासारखा आहे. हौशी बँडवर, हवामानाच्या प्रसारणावर आणि लघुलहरींवर कान ठेवण्याची मोकळीक मात्र विद्यार्थ्यांना बिनधास्त मिळायला हवी, कारण प्रत्येक चांगला चालक आधी वर्षानुवर्षे ऐकणारा असतो.

१८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांची जागा घ्यायला २०२३ चा दूरसंचार कायदा आला. तरी परवान्याची वाट अजून लांबच आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पोलीस पडताळणी आणि मंजुरीत महिनोन् महिने जातात, आणि कॉलेजातली मुले तोवर दुसरीकडे वळतात. अमेरिकेत सात लाखांहून अधिक परवानेधारक आहेत, भारतात सुमारे वीस हजार. त्यातलेही रोज संच लावणारे थोडे. दर पावसाळ्यात कोकणातला एखादा घाट खचतो, कृष्णा-पंचगंगेचे पाणी गावांभोवती चढते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर वादळांची ये-जा पूर्वीपेक्षा वाढलेली दिसते. प्रत्येक तालुक्याला दोन सराईत चालक असावेत, ही मागणी मोठी नाही. सरकारने पडताळणीला मुदत घालावी आणि शाळा-महाविद्यालयांनी विज्ञान मंडळात एक संच ठेवावा.

परीक्षेला बसण्यासाठी वयाची बारा वर्षे पूर्ण असावी लागतात. 'रिस्ट्रिक्टेड' वर्गासाठी मोर्सची अट नाही. पन्नास वॉटपर्यंतचा संच त्यावर चालवता येतो, आणि किल्लारीपासून कार निकोबारपर्यंतची बहुतेक बोलणी जितक्या शक्तीत होऊ शकली असती, तितकी ती आहे.